डोईफोडियाची वटी

बऱ्हाणपूर,
ता. ९ डिसेंबर १९५१

सौ. कुसुम हिस,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. पाकिटावर नेहमीप्रमाणे विनायकरावांचं अक्षर. सचिवालयात एवढी वर्षं काढूनही त्यांचं वळण बिघडलं नाही, याचं कौतुक वाटतं. फक्त ‘गं. भा.’ एवढ्या ठळक काढतात की आमचा पोस्टमन आधी माझं वैधव्य वाचतो आणि मग नाव. त्यांना सांगू नकोस, वाईट वाटेल त्यांना.

बातमी खरी आहे. मी उभी राहिले आहे, तीही अपक्ष. पक्षाच्या मंडळींनी बेचाळीस साली मला तुरुंगात जाऊ दिलं, नगरपालिकेत निवडून येऊ दिलं, पण विधानसभेचं नाव काढताच एक वयस्कर वकील म्हणाले, “बाई, खेड्यातले लोक शुभकार्याला निघताना विधवा आडवी आली तर मागे फिरतात. मत कसं देतील?” बोलताना त्यांचा चेहरा इतका मायाळू होता, की रागावताही येईना.

म्हणून मी खेड्यांतच जाते आहे. शाहपूर, खकनार, पार जंगलाच्या कडेला डोईफोडियापर्यंत. बैलगाडीत हाडं खिळखिळी होतात. पुरुष ओट्यावर बसून ऐकतात, बायका दाराआडून. मग मी आत चुलीपाशीच जाऊन बसते. मतदारयादी करायला आलेल्या माणसाला बायकांनी आपली नावंच सांगितली नव्हती. ‘गोटूची माय’, ‘लोटूची बायको’ असं लिहून गेला होता तो. तशी नावं वगळणार म्हणून पुन्हा फिरले, एकेकीला नाव सांगायला लावलं. डोईफोडियाला भागाबाई म्हणून एक आहे, ती आधी पदर तोंडात धरून हसली आणि मग इतक्या जोरात “भागा!” म्हणाली, की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

‘वोट द्या’ म्हटलं की या बायका एकमेकींकडे बघतात आणि गप्प होतात. का ते समजत नाही.

तुझी,
सुनंदा

ता. क. कॉन्व्हेंटमधली सिस्टर बर्था आठवते? रविवारची पत्रं वाचून मगच बंद करायची, पण सहीच्या खाली कधी बघायची नाही. म्हणून आपण खरं ते सगळं ता. क. मध्ये लिहायचो. तर आता खरं लिहिते. कुसुम, मला भीती वाटते. हरण्याची नाही. त्या बायका माझ्या कपाळाकडे बघतात, त्याची.


नागपूर,
ता. २० डिसेंबर १९५१

प्रिय सुनंदे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि ह्यांना एकदा वाचून दाखवलं, ‘गं. भा.’चा मजकूर गाळून. हे म्हणाले, “सुनंदाताई निवडून आल्या तर आपल्याकडेच उतरतील. मागची खोली रिकामी करून ठेवा.” लगेच गड्याला बोलावून चुनाही लावून घेतला. नवऱ्याच्या हौसेवर माझा विश्वास नसतो, पण खोली खरोखरच छान झाली आहे. खिडकीतून संत्र्याचं झाड दिसतं.

तू चुलीपाशी बसतेस हे वाचून हसू आलं. कॉन्व्हेंटमध्ये तुला अंडं उकडायला दिलं होतं, ते तू विसरलीस आणि पातेलं करपलं. त्या पातेल्याचा वास वर प्रार्थनेच्या खोलीपर्यंत गेला होता. त्यावर सिस्टर बर्था काय म्हणाली होती? “ही मुलगी घर चालवणार नाही, राज्य चालवेल.” ती चिडून म्हणाली होती, पण खरं होऊ दे.

प्रकृतीला जप. गार वाऱ्यात डोक्यावरून शाल घेत जा.

तुझीच,
कुसुम

ता. क. तुझ्यासाठी एक लुगडं घेऊन ठेवलं आहे. पांढरं नाही. काठ जांभळा आहे. विधानसभेत पहिल्या दिवशी नेसायचं. नाही म्हणू नकोस.


बऱ्हाणपूर,
ता. ३० जानेवारी १९५२

सौ. कुसुम हिस,
सप्रेम नमस्कार.

तुला वर्तमानपत्रातून समजलंच असेल. मी पडले, थोडक्यात पडले. लोक येऊन बसतात, चहा पितात, उसासे टाकतात. शाळेत पुन्हा जाऊ लागले आहे. सहावीच्या मुलींचा इतिहास मागे पडला होता.

लुगडं तुझ्याकडेच राहू दे.

तुझी,
सुनंदा


नागपूर,
ता. ८ फेब्रुवारी १९५२

प्रिय सुनंदे,

तुझ्या पत्राला ता. क. नव्हती. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं. म्हणजे तू काहीतरी लपवते आहेस.

आता मला समजलेलं सांगते. ह्यांच्या कचेरीत तुमच्या मतदारसंघाची चर्चा झाली. तुमच्या भागातल्या पाच-सहा खेड्यांत, त्यात तुझं डोईफोडियाही आहे, बायकांच्या केंद्रांवर वाटलेल्या मतपत्रिका आणि पेट्यांतून निघालेल्या मतपत्रिका यांचा मेळ बसत नाही. निघालेल्या कमी आहेत! आणि तू जितक्यांनी पडलीस, त्याहून हा फरक मोठा आहे. सुनंदे, कोणीतरी तुझी मतं पळवली. गरीब बायकांना दटावून कागद काढून घेतले असतील, नाहीतर पेट्या फोडल्या असतील. हे रात्री संतापाने येरझारा घालत होते. ह्यांना इतकं संतापलेलं मी पाहिलं नव्हतं.

निकालाविरुद्ध अर्ज करता येतो. ह्यांच्या ओळखीचे वकील फी न घेता काम करायला तयार आहेत. चौकशी होईल, पोलीस त्या खेड्यांत जातील, बायकांच्या जबान्या घेतील, चोर सापडेल. तू फक्त सही कर.

तुझी,
कुसुम

ता. क. तुला कोणी धमकावलं आहे का? मला तरी खरं सांग.


बऱ्हाणपूर,
ता. १५ फेब्रुवारी १९५२

सौ. कुसुम हिस,
सप्रेम नमस्कार.

अर्ज करायचा नाही. विनायकरावांना माझे आभार सांग आणि त्यांना हा विषय कचेरीत पुन्हा काढू देऊ नकोस. पोलिसांनी त्या गावांत पाऊलही टाकता कामा नये. एवढं माझ्यासाठी कर. मला कोणी धमकावलेलं नाही.

दुसरं, मागची खोली अजून रिकामी आहे का? येत्या सोमवारी भुसावळवरून गाडी बदलून येते आहे. डोईफोडियाच्या विहिरीचा अर्ज द्यायचा आहे. उन्हाळ्यात तिथल्या बायका नाल्यात खड्डे करून पाणी काढतात. कोणत्या खात्यात जायचं, कोणाला भेटायचं, हे विनायकरावांना विचारून ठेव.

तुझी,
सुनंदा

ता. क. विचारू नकोस. सांगण्यासारखं होईल तेव्हा सांगेन.


नागपूर,
ता. ४ ऑगस्ट १९५४

प्रिय सुनंदे,

हे पत्र लिहू की नको, असा चार दिवस विचार केला.

तू शनिवारी गेलीस. या वर्षातली तुझी ही कितवी फेरी ते मी मोजत नाही. खोली तुझीच आहे आणि असेल. पण मला बोललं पाहिजे. विहीर झाली, पाणी लागलं, आम्हालाही आनंद झाला. मग मुलींची शाळा. मग खकनारला नर्स. आता रस्ता. तू सकाळी लिंबूपाणी पिऊन निघतेस, सचिवालयाच्या बाकावर दिवसभर बसतेस आणि तिन्हीसांजेला पाय सुजवून येतेस. तिथले शिपाई तुला ‘आमदारीणबाई’ म्हणतात, ठाऊक आहे? कौतुकाने नाही म्हणत. तुमच्या भागाचे खरे आमदार परवा ह्यांना सगळ्यांदेखत म्हणाले, “तुमच्या पाहुण्या बाईंना कोणीतरी सांगा हो, निवडणूक संपली.” सगळे हसले. हे घरी येऊन जेवले नाहीत.

हरणं वाईट नसतं, सुनंदे. पण हरलेलं मान्य न करणं चारचौघांत शोभत नाही. दोन वर्षांपूर्वी अर्जावर सही केली असतीस तर आज मानाने आत बसली असतीस. तेव्हा सही केली नाहीस आणि आता दाराबाहेर बसतेस. तू मनाने तर कधी हरली नाहीस ना? त्या खुर्चीचा मोह तुला सुटत नाही, असं मला वाटायला लागलं आहे. चुकत असेन तर चूक दाखव.

तुझी,
कुसुम

ता. क. हे पत्रही फाडून टाकावंसं वाटतं आहे. तरी पाठवते.


बऱ्हाणपूर,
ता. ११ ऑगस्ट १९५४

प्रिय कुसुम,

या वेळी ता. क.ची वाट बघायला लावत नाही. सगळं सहीच्या वरच लिहिते.

निकाल लागल्यावर मी गावोगाव आभार मानायला निघाले. संक्रांतीचे दिवस होते, रथसप्तमी जवळ आली होती. घरोघर हळदीकुंकू चालू. मी मुद्दाम दुपारची वेळ टाळून जात होते. अशा दारात माझ्यासारखीने उभं राहू नये, हे मला कोणी शिकवावं लागत नाही. डोईफोडियाला पोहोचले तर वेशीतच भागाबाई उभी. “बाई, चाल, तुहीच वाट पाहू राहिलो.” हाताला धरून घरात नेलं. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, मध्ये पाट. वीस-पंचवीस बायका बसलेल्या, नव्या बांगड्या भरलेल्या. मी दारातच थबकले. म्हटलं, “भागाबाई, मी नंतर येते.”

“बस पाटावर.”

“अगं, मी...”

“ठाऊक हाय तू कोन ते. बस म्हनलं ना.”

मी बसले. कुसुम, त्यांना जाऊन वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून मी पाटावर बसले नव्हते. भागाबाईने गहू, खण, नारळ, हळकुंड, सुपारी घेतली आणि म्हणाली, “पसर पदर.” मला समजेना. पदर पसरला तो नकळत, लहानपणची सवय असावी. तिने ओटी भरली. मग कनवटीला लावलेली एक लहानशी घडी काढली आणि नारळाशेजारी ठेवली. तिच्यामागून मालूबाई उठली. मग तिसरी. प्रत्येकीने मूठभर गहू आणि एकेक घडी. कोणी पदराच्या गाठीतून सोडली, कोणी कुंकवाच्या डबीतून. एका घडीला हळद लागली होती.

मी एक उलगडून पाहिली. मतपत्रिका होती.

मला वाटतं मी ओरडले असेन, कारण सगळ्या घाबरल्या. भागाबाई म्हणाली, “काय झालं? तूच त मांगितली. गावोगाव फिरू राहिली, वटी द्या, वटी द्या. आमी म्हनलं, इतकी शिकेल बाई, नवरा मेला तवापासून कोनी वटी भरली नसंन तिची. कोन भरते? म्हून मांगू राहिली बिचारी. सासूले विचारलं त म्हने, रांडेची वटी भरत नाही, पाप लागते. मी म्हनलं, लागू दे. समद्याइले थोडं थोडं लागंन.”

मी ‘वोट’ म्हणत होते आणि त्यांना ‘वटी’ ऐकू येत होतं. आपल्याकडे ओटीला वटीच म्हणतात. इतके दिवस त्या एकमेकींकडे बघून गप्प का व्हायच्या, ते तेव्हा समजलं. त्या ठरवत होत्या.

“पण कागद पेटीत टाकायचा होता ना?” मी कसंबसं विचारलं.

मालूबाई हसली. “साहेब म्हने, पेटीत टाक. पेटीची वटी भरतेत का कुठी? आमी पदरात लपवून आनला. आजूबाजूच्या गावच्या बायाइले बी निरोप धाडला, कागद घरी ठेवा, बाई आली का तिच्या हाती द्या.”

मग भागाबाईने विचारलं, “आता जाशीन ना नागपूरले? विहिरीचं सांगशीन?”

कुसुम, काय सांगायला हवं होतं ते मला माहीत होतं. बायांनो, तुम्ही मला पाडलंत. तुमची मतं इथे माझ्या पदरात आहेत आणि म्हणून मी कुठेच जाणार नाही. एक वाक्य होतं. त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि पहिल्यांदाच कोणी कपाळाकडे बघत नव्हतं.

मी म्हटलं, “जाईन.”

म्हणून येते. मोह असेल तर तो या एका शब्दाचा. तुम्ही चौकशी केली असती, तर चोर म्हणून त्या सापडल्या असत्या. मतपत्रिका बाहेर नेणं गुन्हा आहे, तुरुंगात जावं लागलं असतं. आणि ज्या दिवशी त्यांनी पाप वाटून घेतलं, त्याच दिवशी त्यांना समजलं असतं की त्याचा उपयोग तर झाला नाहीच, उलट नुकसान झालं. शिपाई हसू देत. आमदार हसू देत. विनायकरावांना मात्र माझ्यामुळे खाली बघावं लागलं, याचं मला फार दुःख आहे. पुढच्या वेळी मी धर्मशाळेत उतरेन.

ते गहू दळून पोळ्या केल्या. नारळ खाल्ला. खण कपाटात आहे. कागद मात्र राजघाटावर जाऊन तापीत सोडले. लवकर बुडाले नाहीत.

तुझी,
सुनंदा


नागपूर,
ता. १४ ऑगस्ट १९५४

प्रिय सुनंदे,

धर्मशाळेचं नाव काढलंस तर तुझा-माझा संबंध संपला.

तुझं पत्र वाचून हे खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, “रस्त्याच्या कामाचे कागद माझ्याकडे पाठवायला सांग. बाकावर बसायची गरज नाही.”

कुसुम

ता. क. मला क्षमा कर.


नागपूर,
ता. १८ नोव्हेंबर १९५६

प्रिय सुनंदे,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला उघडण्याआधीच समजलं असेल. हे गेले. दिवाळीच्या आधी, झोपेत. तुला तार करायचं कोणाला सुचलं नाही, आणि मला तर काहीच सुचत नव्हतं. दिवस झाले. माणसं आली आणि गेली. मुलगा मुंबईला चल म्हणतो.

त्यांच्या टेबलावर डोईफोडियाच्या रस्त्याची फाईल होती. शेवटपर्यंत पाठपुरावा चालू होता. आता नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि तुमचं गाव मध्य प्रदेशातच राहिलं, त्यामुळे ती फाईल भोपाळला रवाना झाली. आपणही आता दोन राज्यांत. मागच्या खोलीला पाहुणा उरला नाही. राजधानी कुठून कुठे नेली, आणि मला काय सुचतं बघ, तर संत्र्याच्या झाडाला पाणी कोण घालणार!

त्या दिवशी माझं कुंकू पुसायला बायका आल्या, तेव्हा मला तुझं पत्र आठवत होतं.

सुनंदे, पुढच्या वर्षी पुन्हा निवडणूक आहे. भोपाळला तुझं कोणी नाही. तिथल्या बाकावर बसून काही होणार नाही. त्यासाठी आत गेलं पाहिजे आणि आत जायचं तर निवडून यायला पाहिजे. उभी राहा. पण त्याआधी त्या बायकांना खरं सांग. नाहीतर त्या पुन्हा कागद घरी आणतील. त्यांना दुखवायचं नाही म्हणून तू पाच वर्षं गप्प राहिलीस. आता गप्प राहिलीस तर तोट्यात त्याच जातील.

तुझी,
कुसुम

ता. क. पाकिटावर तुझं नुसतं नाव लिहिलं आहे. पुढे काही लावायला हात धजला नाही.


बऱ्हाणपूर,
ता. २६ नोव्हेंबर १९५६

प्रिय कुसुम,

पाकीट हातात घेऊन मी पायरीवर बसले. त्यांच्या ‘गं. भा.’वर मी हसले होते. आता ते वळण पुन्हा दिसणार नाही.

मुंबईला जाण्याआधी इकडे ये. संक्रांतीपर्यंत राहा. काही बोलायचं नसेल तर बोलू नकोस. संध्याकाळी राजघाटावर जाऊन बसू. मी मावा जिलेबी आणेन आणि तू नको म्हणत खाशील.

तू म्हणतेस ते खरं आहे. मी उभी राहते आहे. संक्रांतीला डोईफोडियाला जाऊन सांगणार आहे. कशी सांगणार ते माहीत नाही. आरशासमोर उभी राहून दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा ‘जाईन’च्या पुढे जाता आलं नाही. तू बरोबर असलीस तर बरं.

तुझी,
सुनंदा


मुंबई,
ता. २ फेब्रुवारी १९५७

प्रिय सुनंदे,

सुखरूप पोहोचले. मुलाचं घर चौथ्या मजल्यावर आहे. सूनबाई प्रेमाने करते.

डोईफोडियाचा दिवस मनातून जात नाही. मला पाटावर बसवलं तेव्हा मी रडून नको म्हटलं. अजून वर्षही झालं नव्हतं. भागाबाई काय म्हणाली ते तू ऐकलंस का? तू तेव्हा मुलींच्या शाळेतल्या मास्तरणीशी बोलत होतीस. ती म्हणाली, “ताई, भरेल वटीत त कोनी बी टाकते, रिकामीच भरा लागते. बस.” आणि मी बसले.

नंतर तू बोलायला उभी राहिलीस. “बायांनो, मागच्या वेळी...” एवढंच म्हणालीस आणि भागाबाईने तुझ्या तोंडात तिळगूळ कोंबला. “आज गोड बोलाचा दिवस हाय,” म्हणून सगळ्या हसल्या. तू पुन्हा तोंड उघडलंस, तर मालूबाईने आणखी एक लाडू. शेवटी तू हात टेकलेस. परतताना गाडीत तू रडत होतीस, की आता सांगायची वेळही गेली. मी गप्प बसले होते. का ते आता सांगते. भागाबाईशी तसं ठरलं होतं, पण मतदानाआधी तुला समजलंच पाहिजे.

तुझी,
कुसुम

ता. क. तू विहीर बघायला गेलीस तेव्हा भागाबाई माझ्याजवळ बसली. म्हणाली, “ताई, तुमची बाई आज काय सांगाले आली ते ठाऊक हाय आमाले. त्याच वर्साच्या होळीले मास्तर हासत आला. म्हने, तुमी बायाइनीच बाईले पाडलं, कागद पेटीत टाकाचा असते. चुली पेटल्या नाही त्या दिवशी. वाटलं, बाईपुढं तोंड कसं दाखवाव? मंग दोन महिन्यांनी बाई आली, म्हने विहीर मंजूर झाली, मी नागपूरले गेलती. मी मास्तरले म्हनलं, बाई आमदार नाही ना? मंग विहीर कोनी आनली, तुह्या बापानं?”

मी विचारलं, तिला का नाही सांगितलंत?

“कसं सांगाव? तिले वाटू राहिलं, आमाले ठाऊक नाही. तेच्यातच ती खुशीत होती. आज बी नका सांगू.”

सुनंदे, मी सांगितलं. मला माफ कर आणि तिलाही माफ करायला सांग.


बऱ्हाणपूर,
ता. १४ मार्च १९५७

प्रिय कुसुम,

तार मिळाली असेल. निवडून आले. ते मायाळू वकील हार घेऊन आले होते. हार घालताना म्हणाले, “बाई, खेड्यातले लोक बदलले.” मी म्हटलं, “हो, बदलले असतील.”

पुढच्या आठवड्यात भोपाळ. इटारसीवरून गाडी बदलावी लागते. तिथे बाकीचे आमदार हिंदीत भाषण करतील आणि मीही करीन. आपली हिंदी अशी की सिस्टर बर्था बरी बोलायची. सगळ्यात आधी ती रस्त्याची फाईल शोधायची आहे. विनायकरावांच्या अक्षरातला शेरा असेल तिच्यावर, लगेच ओळखेन. जांभळ्या काठाचं लुगडं पार्सलने मिळालं. इतकी वर्षं ठेवलंस! नेसणार आहे.

तुझी,
सुनंदा

ता. क. मतदानाच्या दिवशी मी डोईफोडियाला होते. उमेदवाराने केंद्राजवळ थांबायचं नसतं, म्हणून दूर कडुलिंबाखाली बसले होते. तुझं पत्र वाचल्यापासून त्यांना भेटले नव्हते. काय बोलावं ते समजत नव्हतं आणि त्याही माझ्याकडे आल्या नाहीत. एकेक आत जात होती आणि बाहेर येत होती. पहिली मालूबाई आली. माझ्यासमोरून जाताना थांबली, पदर सोडला, झटकला आणि पुन्हा खोचून चालू लागली. मला वाटलं धूळ असेल. मग दुसरीनेही तसंच केलं. मग तिसरीने. पोलीस गोंधळून बघत होता, या बायकांना झालं तरी काय!

शेवटी भागाबाई आली. माझ्यापुढे उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर पसरला, उलटा केला, गाठही सोडून दाखवली. त्यातून गव्हाचा दाणासुद्धा पडला नाही.

“पाहून घे, बाई,” ती म्हणाली. “आज तुह्यासाठी काहीच आनलं नाही.”